मर्ल ओबेरॉन आणि टास्मानियाची थाप
हॉलिवूडची अभिनेत्री मर्ल ओबेरॉन हिच्याबद्दल 'प्रसिद्धीसाठी मर्लने आईलाच मोलकरीण ठरवलं' असं म्हणतात. खरं तर तिला वाढवणारी शार्लट ही तिची आजी. मर्लच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून कॉन्स्टन्सचं, म्हणजे शार्लटच्या मुलीचं नाव होतं. १९११ साली मुंबईत जन्मलेली ही अँग्लो-इंडियन पोर ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरची म्हणून खपवली गेली. का, तर तिथे शहानिशा करायला जातंय कोण! शार्लट गेल्यावर तिचं चित्र काढून घेतलं, तेही गोऱ्या रंगात. मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच. १९३५च्या चित्रपटासाठी ऑस्कर नामांकन मिळालं, तरी थाप सुटली नाही. १९७८ साली टास्मानियातल्या होबार्ट शहरात तिचा सत्कारही झाला. बिचारी!