मदत हवी आहे: डॉज डब्ल्यूसी-५२ साठी मूळ पेट्रोल इंजिन आणि उलट्या आट्यांचे स्टड

डिचोलीकर:

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

डिचोलीजवळच्या काजूच्या बागायतीत मामांच्या मांगरात (बागेतली शेड) एक फौजी ट्रक तीसेक वर्षं उभा होता. लहानपणी आम्ही त्यात बसून "बेळगांव, बेळगांव" असं ओरडत कंडक्टर व्हायचो. मामा गेले, आणि गेल्या चतुर्थीला मामीने सरळ सांगितलं, "भंगारवालो दर आठवड्याक येता. तुका जाय जाल्यार व्हर, ना जाल्यार दिवन सोडटां." (हवा तर ने, नाहीतर देऊन टाकते.) मी क्रेन बोलावली.

आधी वाटलं, मोठी जीप असेल. मग पुढच्या बंपरवर विंच (दोर गुंडाळून ओढायचं यंत्र) बसवायची जागा दिसली, विंच नाही, चाकांचे रिम दोन तुकड्यांचे आणि कडेने बोल्ट मारलेले, आणि डॅशबोर्डवरच्या घासलेल्या पट्टीवर 'डॉज' एवढंच वाचता आलं. शोधाशोध केल्यावर कळलं की हा पाऊण टनी 'वेपन्स कॅरियर', विंच असलेला प्रकार म्हणजे डब्ल्यूसी-५२, १९४२ ते १९४५ मधला. महायुद्धात गोवा पोर्तुगिजांकडे होता आणि पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे लढाईच्या निमित्ताने ही गाडी इथे आलेली नसणार. युद्धानंतर अमेरिकन फौजेने इकडे सोडलेल्या सामानातून ती घाट उतरून खाली आली आणि खाणीच्या कामाला लागली, असं मामा सांगायचे. १९६१ च्या आधी आली की नंतर, यावर घरात दोन तट आहेत आणि दोन्हीकडे पुरावा शून्य.

आता दुखणं. खाणीवर कुणीतरी मूळ पेट्रोल इंजिन काढून पर्किन्स पी-६ डिझेल बसवलं. त्या काळी ते शहाणपणाचंच असेल, पण मला मूळ इंजिन हवंय: टी-२१४, २३० घन इंची, सहा सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला). गेले आठ महिने फोन करतोय. "डॉजचं इंजिन" म्हटलं की समोरचा आधी हसतो, मग "किती देणार?" विचारतो, आणि फोटो मागितला की गायब. उत्तरेतल्या एकाने फोटो पाठवला, तो मी त्याच्या आधी तीन परदेशी साइटवर पाहिला होता.

दुसरं म्हणजे चाकाचे स्टड, म्हणजे ज्यांवर चाकाचे नट बसतात ते बोल्ट. इथल्या गॅरेजमधल्या पोराने डाव्या बाजूची चाकं खोलायला पाइप लावून जोर केला. दोन स्टड गेले, तिसरा अर्धा पिळलाय. नंतर कळलं की डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. तो बिचारा खोलतोय समजून आवळत होता. मी शेजारी चहा पीत उभा होतो, त्यामुळे दोष निम्मा माझाही.

शिवाय कार्ब्युरेटर, सहा व्होल्टची वायरिंग आणि विंच. विंचचं स्वप्न सध्या सोडलंय.

एक विनंती: "टाटाचं इंजिन टाका, निवांत फिरा" हा सल्ला मला आतापर्यंत अकरा जणांनी दिलाय. बारावे होऊ नका.

कुर्ल्याचा फिटर:

बारावा होत नाही 😀

पण तुम्ही मागताय चुकीच्या नावाने, म्हणून मिळत नाही. बाजारात कुणाला 'डब्ल्यूसी' माहीत नाही आणि 'टी-२१४' तर मुळीच नाही. तुम्ही फार्गो विचारा. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, फार्गो, प्लिमथ, डीसोटो जोडायला सुरुवात केली. त्यातल्या पेट्रोल गाड्यांना याच घराण्यातली साइड व्हॉल्व्ह सहा सिलिंडर इंजिनं होती. आमच्या वडिलांनी ती शेकड्यांनी उघडली. म्हणजे फौजी ट्रकचं इंजिन शोधायला फौजी भंगारात जायची गरज नाही. जुनी सॉ मिल, उसाचं गुऱ्हाळ, सर्कसचा जनरेटर, मळ्यातला पंप, अशा ठिकाणी बघा. गाडी मेली तरी इंजिन कुठे ना कुठे पट्ट्यावर लागलेलं असतं.

सावध राहायची जागा एकच. या इंजिनांच्या दोन लांब्या आहेत. अमेरिकेतल्या डॉज-प्लिमथची हेड (इंजिनाचं वरचं झाकण) २३ इंची. डीसोटो, क्रायस्लर आणि कॅनडात बनलेल्या डॉज-प्लिमथची हेड २५ इंची. बाहेरून दोन्ही सख्खी भावंडं वाटतात. हेड गॅस्केट एकाची दुसऱ्याला लागत नाही, क्रँक लागत नाही. इकडे कॅनडाचा मालही भरपूर आलाय. म्हणून कुणी काहीही सांगो, तुम्ही टेप लावा.

नंबर ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पुढे, वरच्या बाजूला कोरलेला असतो. टी २१४ दिसलं तर देवाला नारळ. डी २४ असेल तर ते १९४६ ते ४८ च्या डॉज कारचं, तेही २३० च. पी १५ म्हणजे प्लिमथ, २१८. बोअर (सिलिंडरचा व्यास) दोन्हीचा सव्वातीन इंच, फरक स्ट्रोकचा (पिस्टनच्या धावेचा), म्हणून रिंगा एकमेकांच्या चालतात. आकड्याच्या शेवटी 'सी' असेल तर कॅनडा, तिथेच टेप गुंडाळा.

कारचं इंजिन मिळालं तर खालचं चेंबर (तेलाचं भांडं) आणि मागचं बेल हौसिंग (इंजिन-गिअरबॉक्समधलं घंटेसारखं कवच) ट्रकचं शोधावं लागेल. कारचं चेंबर पुढच्या डिफ्रेन्शलला नडू शकतं. तुमच्या मांगरात पुन्हा एकदा नीट बघा. पी-६ बसवणाऱ्याने जुने भाग फेकले नसतील, कोपऱ्यात टाकले असतील. त्या काळातले मेस्त्री लोखंड फेकत नसत.

डिचोलीकर:

काय सांगू फिटरसाहेब, तुमचं वाचून रविवारी मांगरात गेलो. काजूच्या बियांच्या पोत्यांमागे बेल हौसिंग आहे! चेंबर नाही, पण बेल हौसिंग आहे. त्यात कोंबडी अंडी घालत होती. मामी म्हणाली, "तें म्हाका जाय." तहाची बोलणी सुरू आहेत.

उद्यमबाग:

मी बेळगावचा, लेथचं काम. स्टडबद्दल सांगतो.

उलटे आटे पाडणं अवघड नाही. अवघड आहे गिऱ्हाइकाला समजावणं की साध्या एमएस (माइल्ड स्टील) सळईतून पाडू नये. चाकाचा स्टड आहे, ईएन-२४ (मिश्र पोलाद) घ्या आणि उष्णतोपचार करून घ्या. नमुन्याला न पिळलेला स्टड आणा, नटासकट. नट नसेल तर आट्यांच्या मापात अंदाजपंचे होतं आणि मग ते चाकाच्या बाबतीत महागात जातं. पाचही एकदम बदला, दोन नवे तीन जुने असं करू नका. स्टडच्या टोकावर डाव्या बाजूसाठी 'एल' मारलेला असतो, तसाच आम्हीही मारून देऊ, पुढच्या चहावाल्यासाठी.

आणि एक जीवाची गोष्ट, हसण्यावारी नेऊ नका. दोन तुकड्यांचा रिम कडेच्या बोल्टांनी धरलेला असतो. टायरमध्ये हवा असताना ते बोल्ट सैल केले तर रिमचा वरचा अर्धा तोफेसारखा उडतो. चाक गाडीवरून काढायचे नट आतले आणि रिमचे बाहेरचे. तुमच्या त्या पोराला आधी हे दाखवा. व्हॉल्व्ह पिन काढा, पूर्ण हवा जाऊ द्या, व्हॉल्व्हमधून तार घालून खात्री करा, मगच बाहेरच्या बोल्टांना हात लावा.

टायर ९.००-१६. हे माप ट्रेलरसाठी अजून बनतं, पण ट्रॉलीचा टायर घाटरस्त्यावर ६०च्या वेगाने पळवायचा नसतो.

सहा व्होल्ट:

वायरिंगवर एवढंच: तेवढ्याच कामाला सहा व्होल्टमध्ये करंट बारा व्होल्टच्या दुप्पट लागतो. म्हणून बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची केबल जाड हवी. दुकानदार मारुतीची केबल देतो, गाडी कण्हते, आणि मालक म्हणतो सहा व्होल्ट भिकार. सिस्टीम भिकार नाही, केबल भिकार असते. अर्थिंगच्या जागेवरचा रंग खरवडून काढा. गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत ते दर पावसाळ्यानंतर करा.

कार्ब्युरेटरसाठी दोन नावं लक्षात ठेवा: कार्टर ईटीडब्ल्यू-१ आणि झेनिथ २९. दोन्ही कंपनीकडूनच बसत. मिळाला की आतलं सगळं रबर बदला. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या फ्युएल पंपाचा डायफ्राम त्यात काही महिन्यांत मऊ पडतो. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा, इथेनॉल पाणी ओढतं.

घाटमाथा:

पुस्तकं मिळवलीत का? टीएम ९-८०८ हे या गाडीचं फौजी मॅन्युअल आणि एसएनएल जी-५०२ ही सुट्या भागांची यादी. अमेरिकन सरकारची प्रकाशनं, स्कॅन फुकट मिळतात. जी-५०२ छापून स्पायरल करा आणि भंगारात जाताना न्या. चित्र दाखवलं की भाषा लागत नाही. मी दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात असंच एक ट्रान्सफर केसचं झाकण मिळवलं. दुकानदार तासभर नाही म्हणत होता आणि ते झाकण त्याच्या वजनकाट्याखाली टेकू म्हणून लावलेलं होतं.

पॉवर वॅगनचे भागही बघा. डॉजने १९४६ मध्ये याच गाडीवरून ती नागरी आवृत्ती काढली. त्यानंतरच्या फौजी एम-३७ लाही २३० इंजिनच होतं, फक्त वायरिंग चोवीस व्होल्टची.

कागदपत्रांचं काय? २०२१ च्या केंद्राच्या नियमात पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज नोंदणी आहे, नंबरात 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. पण तुमची गाडी कागदावर मालवाहू असेल तर आधी आरटीओकडून लेखी विचारून घ्या. आणि मूळ रूप म्हणजे इंजिनही आलं, त्यामुळे पी-६ ठेवून अर्ज करू नका.

डिचोलीकर:

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो, आनंदाची आणि रडायची दोन्ही.

फिटरसाहेबांच्या सांगण्यावरून 'फार्गो' म्हणून विचारायला लागलो आणि आठ महिन्यांत जे झालं नाही ते बारा दिवसांत झालं. कोल्हापूरजवळ एका सॉ मिलच्या मागे फार्गोचं पेट्रोल इंजिन असल्याचा निरोप आला. पहाटे चारला निघालो, चोर्ला घाटात धुकं, बेळगावात उद्यमबागवाल्यांकडे स्टड नमुन्याला टाकला, त्यांनी चहा पाजला (यावेळी शेजारी कुणी पाना चालवत नव्हतं). अकराला सॉ मिल. इंजिन झाकून, तेल घालून ठेवलेलं, हाताने फिरतंय. मालक आजोबा ऐंशीचे, किंमतही रास्त. मी मनात ट्रक चालवत गोव्यात पोचलो होतो.

टेप लावला. पंचवीस.

पुन्हा लावला. आजोबा म्हणाले, "टेप बदलून बघा पाहिजे तर." त्यांच्या टेपनेही पंचवीसच.

घेतलं नाही. पण आजोबांनी जाताना एक गोष्ट सांगितली. त्यांच्या ओळखीच्याने पाऊण टनी डॉजमध्ये रेडिएटर पुढे सरकवून पंचवीसवालं बसवलं होतं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. रात्रभर तेच डोक्यात घोळतंय. जाणकारांनी सांगावं, हे कितपत बरोबर?

कुर्ल्याचा फिटर:

बसतं. डॉजनेही पुढे पॉवर वॅगनला २५ इंची २५१ चं इंजिन दिलं आणि जागेसाठी रेडिएटर पुढे घेतला. पळायला जास्त चांगलं. पण तुम्ही मूळ म्हणताय, आणि २५ ला मूळ म्हणता येणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर आजोबांना थोडे पैसे देऊन इंजिन धरून ठेवलं असतं आणि एका पावसाळ्यापुरतं २३ शोधलं असतं. मिळालं नाही तर आहेच.

डिचोलीकर:

हेच केलं. आजोबांनी दसऱ्यापर्यंत मुदत दिलीय, बयाणा घ्यायलाच तयार नव्हते, पोराने घेतला. बेळगावहून डाव्या बाजूचे दहा स्टड तयार झाल्याचा फोन आलाय. बेल हौसिंग मिळालं, कोंबडीला नवीन टोपली घेऊन दिली.

तर आता धाग्याची मागणी नेमकी करतो. २३ इंची हेड, नंबर टी २१४ किंवा डी २४, ट्रकचं चेंबर असेल तर सोन्याहून पिवळं. जाम असेल तरी चालेल, पण ब्लॉकला तडा नको, पाण्याच्या जागेत गंजून भोकं पडलेला नको. गोवा, कोकण, बेळगाव, कोल्हापूर, सांगली, हुबळी इथे मी स्वतः येऊन बघेन. फोटो पाठवताना इंजिनावर आजचा पेपर ठेवा आणि हेडवर टेप धरा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आणि कार्टर ईटीडब्ल्यू-१ कुणाकडे खोक्यात पडला असेल तर त्याबद्दलही.