कोलायच्या रिपोर्टात एन्रो 'आर', टेट्रासायक्लिनही 'आर': डोस वाढवावा का?

शेडवाला_दारव्हा: ब्रॉयलर, २४ दिवसांचे, मर वाढली आहे. पोस्टमार्टममध्ये हृदयावर अन् काळजावर (लिव्हरवर) पिवळसर थर. कल्चरमध्ये (लॅबने जंतू वाढवून पाहिल्यावर) ई. कोलाय हा जंतू. नॅलिडिक्सिक ॲसिड, एन्रो (एन्रोफ्लॉक्सासिन), टेट्रासायक्लिन ही तिन्ही अँटिबायोटिक्स आर (रेझिस्टंट, म्हणजे जंतू दाद देत नाही), कोलिस्टिन एस (सेन्सिटिव्ह, म्हणजे चालतं). या शेडवर टेट्रासायक्लिन कधी दिलंच नाही, मग प्रतिकार आला कुठून? एन्रोचा डोस दुप्पट करून भागेल का?

पशुवैद्य_अकोला: नाही भागणार, भाऊ. एन्रो जंतूच्या डीएनए गायरेज या एन्झाइमवर काम करतं, नॅलिडिक्सिकही त्याच गटातलं. जायर-ए जीनमधल्या बदलामुळे त्या एन्झाइमच्या ८३व्या जागी सेरीन या अमिनो ॲसिडऐवजी ल्युसीन आलं की नॅलिडिक्सिक निकामी होतं, एन्रो मात्र थोडंफार चालतं. पुढे ८७वी जागा बदलते, मग पार-सी जीनमधली ८०वी. तिन्ही बदलल्यावर लागेल तेवढं औषध पक्ष्याच्या रक्तात चढतच नाही. नॅलिडिक्सिक आर, एन्रो एस असा रिपोर्ट आला तर तेव्हाच सावध व्हायचं.

टेट्रासायक्लिनचं वेगळं. टेट-ए जीन औषध बाहेर फेकणारा पंप बनवतं आणि बहुधा प्लाझमिडवर (एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) असतं. त्याच प्लाझमिडवर सल्फा अन् ट्रायमेथोप्रिम या औषधांना प्रतिकार करणारी जीन्सही असू शकतात. सल्फा-ट्रायमेथोप्रिम दिलं तरी टेट-ए फुकटात टिकतं. असे जंतू हॅचरीतून पिल्लासोबतही येतात.

बोअरचं_पाणी: डोस टाकीच्या लिटरवर काढू नका, वजनावर काढा. एन्रो १० मिग्रॅ प्रति किलो: २,००० पक्षी, सरासरी १.१ किलो, म्हणजे दिवसाला २२ ग्रॅम. १० टक्के द्रावणाचं २२० मिली. आपल्याकडे मे महिन्यात पक्षी कितीतरी जास्त पाणी पितात, लिटरचा हिशेब तिथंच चुकतो. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम औषध बांधून ठेवतं. ॲसिडिफायर (पाणी आम्लधर्मी करणारं द्रावण) त्याच टाकीत टाकलं तर तळाला पांढरा साका बसतो, तो एन्रोच. अशा अर्धवट डोसातच पहिल्या बदलाचे जंतू तगतात. अर्थात हे एन्रो एस असलेल्या बॅचसाठी.

लॅबवाला_नागपूर: कोलिस्टिनचा 'एस' डिस्कवरचा (औषधाची चकती जंतूंच्या थाळीत ठेवून काढलेला) असेल तर धरू नका. रेणू मोठा, थाळीतल्या अगरमध्ये (जेलीत) नीट पसरत नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच (द्रवात औषधाचं प्रमाण बदलत केलेली चाचणी) लागतं. कोलिस्टिनला प्रतिकार देणारं प्लाझमिडवरचं एमसीआर-१ जीन २०१५ मध्ये चीनमधून जाहीर झालं, आणि आपल्याकडे २०१९ पासून कोंबड्यांना कोलिस्टिन देणं बंदच आहे.

शेडवाला_दारव्हा: मग या बॅचला काय?

पशुवैद्य_अकोला: नवं पॅनेल (औषधांच्या चाचण्यांचा संच) लावा, त्यात फ्लोरफेनिकॉल अन् अमॉक्सिसिलिन घ्यायला सांगा. औषध न दिलेले, नुकतेच मेलेले पक्षी घ्या. काळीज आणि मांडीच्या हाडातला मगज बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. उन्हात सहा तास पडलेल्या पक्ष्यात आतड्यातला कोलाय सगळीकडे पसरतो, मग रिपोर्ट भलत्याच जंतूचा येतो.