आयसीडी-१० वरून आयसीडी-११ (डब्ल्यूएचओची आजारांच्या कोडांची यादी, जुनी आणि नवी आवृत्ती): एमआरडीत, म्हणजे रुग्णालयाच्या वैद्यकीय नोंदी विभागात, सुरुवात कुठून करावी?

नोंदवही: १०० खाटांचं रुग्णालय, दोन कोडर (डिस्चार्ज कार्ड वाचून आजारांचे कोड टाकणारे), दोघांचाही हात आयसीडी-१० वर बसलेला. व्यवस्थापन म्हणतं, डब्ल्यूएचओचे मॅपिंग तक्ते (जुन्या कोडासमोर नवा कोड दाखवणारे) फुकट मिळतात, जुना डेटा ११ मध्ये फिरवून टाका. करावं का?

कोडकर: अजिबात नको. तक्त्यापुढे फक्त जुना कोड असतो, डिस्चार्ज कार्ड नसतं. उच्च रक्तदाब आय१० चा बीए००, टाइप २ मधुमेह ई११ चा ५ए११, इथवर ठीक. आता रक्तस्राव होणारा ड्युओडेनल अल्सर (लहान आतड्याच्या सुरुवातीचा व्रण) घ्या. १० मध्ये के२६.४ या एकाच कोडात भागायचं. ११ मध्ये अल्सरचा डीए६३.झेड (.झेड म्हणजे अधिक तपशील दिलेला नाही), तीव्र रक्तस्रावाचा एमई२४.९०, मध्ये तिरकी रेघ: डीए६३.झेड/एमई२४.९०. (इथे देवनागरीत लिहितोय, सॉफ्टवेअरमध्ये रोमनच टाका.) रक्तस्राव तीव्र होता की जुनाट, हे के२६.४ वरून कळत नाही. त्यासाठी कार्डच उघडावं लागतं.

डावी-उजवी बाजू, तीव्रता वगैरेंचे कोड एक्सने सुरू होतात. ते मूळ कोडला & ने जोडायचे, एकटे कधीच टाकायचे नाहीत. उजव्या बाजूसाठी एक्सके९के.

तेव्हा ठरलेल्या तारखेपासूनचे नवे डिस्चार्ज तेवढे ११ मध्ये करा, आणि १० चा कोडही शेजारच्या रकान्यात ठेवा. विम्याच्या क्लेम फॉर्मच्या दुसऱ्या भागात आयसीडी-१० चाच रकाना आहे.

बॅकएंडबाबा: कोडिंगच्या आधी रकान्याची लांबी बघा हो. १० साठी बनवलेला रकाना ६ अक्षरांचा असला, तर वरचा १४ अक्षरांचा क्लस्टर (जोडकोड) कापला जातो आणि उरतो डीए६३.झेड. तो स्वतः वैध कोड आहे, म्हणून तपासणीत पकडला जात नाही. रक्तस्राव गायब!

दुसरी डोकेदुखी एक्सेलची. तीव्र विषाणूजन्य हिपॅटायटिसचा १ई५० टाकला की एक्सेल त्याला आकडा समजून १.००ई+५० करतं. बिंदूनंतर अंक असलेला १ई५०.० मात्र वाचतो, त्यामुळे निम्मी यादी बरोबर दिसते. फाइल डबल क्लिकने उघडू नका. डेटा इम्पोर्टमधून आणा आणि कोडचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करा.

नोंदवही: आभार दोघांचे. वार्षिक अहवालात काही फरक?

कोडकर: मोठा. स्ट्रोक १० मध्ये रक्ताभिसरणाच्या प्रकरणात होता (आय६० ते आय६९), ११ मध्ये तो मज्जासंस्थेच्या ८ व्या प्रकरणात गेला. बदलाच्या वर्षी रक्ताभिसरणाचे रुग्ण एकदम घटलेले दिसतील. तक्त्याखाली टीप द्या, नाहीतर मीटिंगमध्ये कोणीतरी त्याचं श्रेय घेईल.

कोडरना एवढं आधी शिकवा: दुसरं स्थान नेहमी अक्षराचं, तिसरं नेहमी अंकाचं. ओ आणि आय ही अक्षरं कोडात नाहीतच, तसं काही दिसलं तर तो ० किंवा १ हा अंकच. आणि कार्डावर नुसतं 'अल्सर' असेल, तर .झेड टाकण्याआधी डॉक्टरांना विचारा.