'डोळस'च्या जोडीला काय?

खाडीकाठ: आमचं महिला मंडळ रत्नागिरीकडच्या एका निवासी शाळेत खाऊ आणि वह्या घेऊन गेलं होतं. एका अंगाला अंध मुलं, दुसऱ्या अंगाला कर्णबधिर. मंडळाच्या अंकासाठी वृत्तान्त लिहितेय. 'एक डोळस मुलगा पुढे होऊन पायऱ्या सांगत होता' हे सहज लिहून झालं, पुढे अडले. कर्णबधिर मुलींच्या नाचात शिक्षिकेची लेक होती. तिला ऐकू येतं, त्यामुळे ठेका ती धरायची आणि बाकीच्या तिच्याकडे बघून पावलं टाकायच्या. तिला एका शब्दात काय म्हणू? 'ऐकणारी' लिहिलं तर वाटेल, गुणाची पोर, आईचं ऐकते.

पोफळी: श्रवणक्षम.

हापूसप्रेमी: हा शब्द कानाच्या यंत्राच्या जाहिरातीतला वाटतो. बरं, डोळसच्या चालीवर कानस करावं तर पोरगी लोहाराकडे जायची.

तिठा: 'ऐकती' म्हणा की. हसती-खेळती चालते, मग ऐकती का नको? आमच्यात 'तेका आयकाक येता' म्हणतत आणि गप ऱ्हवतत. शब्द शोधीत कोण बसता!

जुनी पाटी: मुळात डोळस तरी चालतो का? डोळस श्रद्धा, डोळस वाचक... डोळस म्हटलं की शहाणपण गृहीत. मी अंध विद्यार्थ्यांची लेखनिक म्हणून परीक्षेला बसायचे. त्यातला एक ऱ्हस्व-दीर्घासकट उत्तर सांगायचा. वर म्हणायचा, "ताई, डोळस तुम्ही, पण शुद्धलेखन माझं."

पोफळी: मग अंधश्रद्धाही काढा भाषेतून. २०१३च्या कायद्याच्या नावात नरबळी आहे, जादूटोणा आहे, अंधश्रद्धा नाही. तरी आपण रोज म्हणतोच ना? प्रत्येक शब्दाला किती कानस लावणार?

खाडीकाठ: माझा प्रश्न राहिला बाजूला. बॅनरवरच्या 'मूकबधिर'वरून तर मोठ्या बाईंनी फाटकातच टोकलं, "मूक इथे कुणी नाही." आत मधल्या सुट्टीचा हा कालवा! टाळी म्हणजे दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे, तरी आमच्या एक-दोघी आपल्या टाळ्याच पिटत होत्या.

हापूसप्रेमी: मूक गेला ते बरंच झालं. पण 'बधिर'ही खटकतो. दातांचा डॉक्टर हिरडी बधिर करतो, तसा कान?

पोफळी: उलट आहे. संस्कृतात बधिर म्हणजे बहिराच, हिरडी नंतरची. त्यातल्या 'ध'चा 'ह' होऊन बहिरा आला. अस्सल मराठी शब्द, त्याची लाज कसली? २०१६च्या दिव्यांग कायद्यातही दोन्ही कानांनी ७० डेसिबल कमी ऐकू येणारा तो बहिरा, ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारा.

जुनी पाटी: कायद्यात ते मोजमाप. वाडीत 'ए बहिऱ्या' म्हणून हाक मारतात तेव्हा कुणी डेसिबल मोजत नाही.

तिठा: मगे बहिरी ससाण्याक आयकाक येत नाय काय?

पोफळी: तो वेगळा. अरबीत बहर म्हणजे समुद्र, त्यावरून बहरी, त्याचा झाला बहिरी.

हापूसप्रेमी: म्हणजे आपल्या रत्नागिरीचा भैरी पण समुद्रावरूनच. देऊळ काही किनाऱ्यापासून लांब नाही.

पोफळी: अहो, भैरवाचा भैरी! कुठला समुद्र कुठे नेताय?

हापूसप्रेमी: कोकणात सगळं समुद्रावरूनच येतं.

खाडीकाठ: अंक उद्या छापायला जातोय. 'ऐकती' लिहू का? संपादिका खोडतील, पण लिहू का?

जुनी पाटी: डोळस आधी बदला.

तिठा: ता ऱ्हवांदे. शिमग्याक भैरीची पालखी बघूक कोण कोण येतलास?