मदत हवी आहे : रेझ्युमेमधील 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' कसे लिहावे?

शाईपेन : रेझ्युमे तयार आहे, फक्त वरच्या दोन ओळींवर, म्हणजे करिअर ऑब्जेक्टिव्हवर (नोकरीतील उद्दिष्टावर), गाडी अडली आहे. सध्या तेथे 'नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून स्वतःच्या कौशल्यांचा विकास साधणे व संस्थेच्या प्रगतीस हातभार लावणे' असे लिहिले आहे. तीन ठिकाणी अर्ज केले, पण साधी पोचही आली नाही. उद्या संध्याकाळी एका अर्जाची मुदत संपते आहे, तेव्हा तत्त्वज्ञान नको, कृपया थेट मसुदा द्यावा.

काजवा : मसुदा कशाचा द्यावा? पद कोणते, अनुभव किती, शिक्षण काय, यांपैकी एकही गोष्ट आपण सांगितलेली नाही. आपले वाक्य परिचारिकेच्या, अभियंत्याच्या आणि रोखपालाच्या अर्जावर सारखेच खपून जाईल, आणि नेमका तोच त्याचा दोष आहे.

दुपारची_झोप : माझ्या मते हा भाग सरळ काढून टाकावा. उमेदवाराला काय हवे आहे, याच्याशी निवड करणाऱ्याला फारसे कर्तव्य नसते. त्याऐवजी आजवरच्या कामाचा तीन-चार ओळींचा सारांश द्यावा. मी एवढाच बदल केला आणि मुलाखतीची बोलावणी येऊ लागली.

काजवा : ज्याच्या गाठीशी अनुभवच नाही, त्याने सारांशात काय लिहायचे? आणि जो क्षेत्र बदलतो आहे, त्याने उद्दिष्ट सांगितले नाही, तर हा माणूस वाट चुकून इकडे आला की काय, अशी शंका वाचणाऱ्याला येणारच.

दुपारची_झोप : त्यासाठी कव्हर लेटर, म्हणजे अर्जासोबतचे पत्र, असते.

काजवा : ते प्रत्येक जण उघडतोच असे नाही.

रिकामी_खुर्ची : फाइलचे नाव 'रेझ्युमे फायनल नवीन २' असे मुळीच ठेवू नये, त्यात स्वतःचे नाव व पदाचे नाव असावे.

शाईपेन : फाइलच्या नावाविषयी मी विचारलेले नाही. मी नवखा नाही. ६ वर्षे लेखा विभागात आहे आणि आता डेटा ॲनालिस्ट पदासाठी अर्ज करतो आहे. एक्सेल रोज वापरतो, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) गेल्या वर्षी शिकलो.

काजवा : हे आधी सांगितले असते, तर एव्हाना काम झाले असते. असे लिहून पाहा : 'लेखा विभागातील ६ वर्षांच्या अनुभवाला एसक्यूएल व एक्सेलची जोड देऊन, खर्च व विक्रीच्या आकड्यांतून निर्णयास उपयोगी पडणारे अहवाल तयार करण्यासाठी डेटा ॲनालिस्ट पदावर काम करण्याची इच्छा आहे.' जाहिरातीत वापरलेले शब्द शक्यतो तसेच ठेवावेत, कारण अनेक ठिकाणी अर्जांची पहिली चाळणी सॉफ्टवेअर लावते. मात्र मुलाखतीत ज्याविषयी दोन मिनिटेही बोलता येणार नाही, असा शब्द केवळ चाळणीसाठी घालू नये.

दुपारची_झोप : यातले निम्मे वाक्य सारांशच आहे, एवढे नमूद करून ठेवतो.

शाईपेन : महिनाअखेरच्या अहवालाला पूर्वी दोन दिवस लागत, मी ते काम अर्ध्या दिवसावर आणले. हे त्यातच जोडू का?

काजवा : नको, वाक्य लांबेल. ते अनुभवाच्या रकान्यात पहिल्या ओळीत घ्यावे.

शाईपेन : आभारी आहे. एक राहिलेच, रेझ्युमे इंग्रजीत आहे.

काजवा : तर मग भाषांतर करताना 'आय' हा शब्द गाळावा आणि वाक्याची सुरुवात अनुभवापासून करावी, म्हणजे पहिल्याच नजरेत ती ६ वर्षे दिसतील.