मदत हवी आहे: वऱ्हाडातल्या व्यापाऱ्याचे जुने दत्तकपत्र कुठे शोधावे?

खापरपणजोबा खामगावला किराणा विकायचे, मग कापसाचे अडते झाले. लाल खारव्यात बांधलेल्या त्यांच्या चार मोडी वह्या माझ्याकडे आहेत. शके १७८३ ला मीठ, गूळ, सुपारी. शके १७८६ ला (म्हणजे १८६४-६५, अमेरिकेतल्या युद्धाने कापूस तेजीत होता) पानेच्या पाने रुई आणि मुंबईच्या हुंड्या. हा भाग मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घेतलाय, त्यामुळे लिप्यंतर नको.

अडलंय ते नावापाशी. पहिल्या दोन वह्यांत त्यांच्या वडिलांचं नाव एक, पुढच्या दोन्हींत दुसरंच. अक्षर मात्र तेच, 'श्री'चा वेलांटीचा झोकसुद्धा. दत्तक गेले असावेत. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत फक्त दुसरं नाव मिळालं. घरात दत्तकपत्र नाही, सांगणारं माणूसही उरलं नाही.

तेव्हा वऱ्हाड नावाला निजामाचा, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. मध्य प्रांताला जोडला १९०३ साली. मला रजा चारच दिवसांची आहे, एकाच ठिकाणी जाता येईल. १८६१ ते १८६५ मधले खामगावचे दत्तक किंवा वारसाचे कागद नागपूरच्या अभिलेखागारात बघू, हैदराबादला, की जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये? आणि तिथे कोणत्या नावाचं दप्तर मागायचं?