बद्धकोष्ठ, मलावरोध की ‘पोट साफ होत नाही’?

नागपुरातल्या एका दवाखान्यासाठी पोटाच्या तक्रारींची प्रश्नावली मराठीत करून राहिलो आहे. ‘बद्धकोष्ठ आहे का?’ विचारलं की लोक ‘नाही’ म्हणतात, अन् लगेच ‘पण पोट साफ होत नाही जी’. शब्द कोणता ठेवू?

▪ ‘मलावरोध’ पाठ्यपुस्तकात राहू द्या. बद्धकोष्ठ म्हणजे ज्याचा कोठा बांधला गेला तो, म्हणून ‘बद्धकोष्ठता’ही चालेल. बोलण्यात मात्र कोठा जड किंवा हलका असतो. आयुर्वेदातला मृदू, मध्य, क्रूर कोष्ठ तो हाच.

▪ शब्दापेक्षा मोजमापाचा घोळ मोठा आहे. २०१६ च्या रोम-४ निकषांत, म्हणजे पोटाच्या अशा तक्रारी ठरवायला डॉक्टर जगभर वापरतात त्या कसोट्यांत, आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणं हे एक लक्षण. कुंथणं, खडा होणं, अर्धवट राहिल्यासारखं वाटणं ही आणखी काही. आपल्याकडे सकाळच्या चहानंतर मोकळं झालं नाही की माणूस दिवसभर स्वतःला आजारी धरतो. रोज दोनदा जाणाराही ‘साफ नाही’ म्हणतो. मग डोकेदुखी, तोंड येणं, पिंपल्स, चिडचिड, सारं पोटाच्या माथी. इसबगोल, एरंडेल, कुणीतरी सांगितलेलं चूर्ण, अन् डॉक्टर सगळ्यात शेवटी. तेव्हा ‘किती वेळा?’ एवढंच विचारून भागणार नाही.

▪ बायांचं राहिलंच की! पुरुष डॉक्टरसमोर ‘गॅस होते’ याच्यापुढे तोंड उघडत नाही. घरात संडास नसला की अंधार पडेपर्यंत धरून ठेवायचं. घरात असला तरी नव्या सुनेनं कडी लावली की बाहेरून ‘झालं का?’ सुरू. चरकसंहितेत वेग न रोखण्यावर अख्खा अध्याय आहे, ‘नवेगान्धारणीय’. मलवेग धरला तर पोट अन् डोकं दुखतं, पोट फुगतं, पोटऱ्यांत गोळे येतात, असं त्यात दिलंय. हे वाचून सुनेला काय उपयोग म्हणा, वाचायला पाहिजे सासूनं.

▪ मूळ धागाकर्ता: मग असं ठेवतो. ‘संडास साफ होते का? कुंथावं लागते का? खडा होते का? झाल्यावरही राहिल्यासारखं वाटते का? जागा किंवा वेळ मिळत नाही म्हणून थांबवावं लागते का?’ रक्त पडणं अन् वजन घटणं वेगळं विचारतो, ते गॅसच्या रांगेत नको.

▪ बरोबर. फक्त कुणी ‘होते’चं ‘होतं’ करायला आलं तर करू देऊ नका बाप्पा. पुण्याहून छापून आलेला कागद समजून लोक पुन्हा ‘नाही’वर टिक करतील.